पहिली बैठक माझ्या दुकानात झाली

आमच्या बुलढाण्यातल्या त्या क्लबची पहिली बैठक माझ्या शिवणकामाच्या दुकानात झाली. हे आधीच सांगून टाकतो, कारण क्लबच्या कुठल्याही कागदावर ते लिहिलेलं नाही. क्लब म्हणजे पत्ते कुटायचा नव्हे. देशोदेशी शाखा असलेला, गावासाठी चार कामं करणारा, कोटाच्या कॉलरला बिल्ला लावून दर आठवड्याला जमणारा तो क्लब. त्याचं नाव मी घेणार नाही. नाव घेतलं की लोक बिल्ल्याबद्दल बोलायला लागतात आणि माणसं बाजूला राहतात, असा माझा अनुभव आहे.

महाराष्ट्र नुकताच झाला होता त्या सुमाराची गोष्ट. मी घाटाखालचा, धामणगाव बढ्याचा. मॅट्रिकपर्यंत शिकलो, मामाच्या हाताखाली शिवण शिकलो आणि घाट चढून बुलढाण्याला एका खणाचं दुकान थाटलं. जिल्ह्याचं गाव, कोर्ट, कचेऱ्या, साहेब लोक, म्हणजे कोट शिवून घेणारी गिऱ्हाइकं. कामाला तोटा नव्हता. पण आई आजारी म्हणून बायको गावीच होती आणि मला इथं बोलायला एक माणूस नव्हता. गिऱ्हाईक टेलरशी बोलतं ते "काखेत धरते" आणि "कधी देता" एवढंच. रविवारी तर तेवढंही नाही. मग मी एसटी स्टँडवर जाऊन बसायचो. मोताळ्याकडून, माझ्या गावाच्या बाजूनं, गाडी आली की उतरणाऱ्यांत कुणी ओळखीचं दिसतं का बघायचो. दिसलं तर त्याची पिशवी धरायची, नाही दिसलं तर पुढच्या गाडीची वाट बघायची. चांगला मिशा फुटलेला बाप्या मी, आणि लोकांच्या पिशव्या धरत होतो. हे मी आयुष्यात एकाच परक्या माणसाला सांगितलं, आणि तिथंच फसलो.

कोटाचे साचे कापायला मला जाड कागद लागायचा. बदली होऊन गेलेल्या एका साहेबाच्या बंगल्यातून मी इंग्रजी मासिकांची रद्दी उचलून आणली होती. गुळगुळीत, दणकट पानं, साच्याला उत्तम. एक दिवस बाहीचा साचा कापून झाला आणि उरलेल्या तुकड्यावर नजर गेली. त्यावर एका माणसाची हकिकत होती. लहानशा गावातून तो कुठल्यातरी अफाट शहरात पोट भरायला आलेला. धंदा बरा चाललेला, ओळखी पुष्कळ, पण सुटीच्या दिवशी ज्याच्या दारात जावं असं कुणी नाही. मग त्यानं वेगवेगळ्या धंद्यातली तीन माणसं गोळा केली. पाळीपाळीनं एकमेकांच्या कामाच्या जागी बसायचं ठरलं. एका धंद्याचा एकच माणूस घ्यायचा, म्हणजे आपसात चढाओढ नको. त्या चौघांचा पुढे केवढा तरी क्लब झाला आणि देशोदेशी पसरला. त्या माणसाचा फोटो आणि नाव मात्र माझ्याच कात्रीनं बाहीच्या साच्यात गेलं होतं. बाकीचे तुकडे जुळवून पाहिले, पण नाव काही लागलं नाही.

माझं इंग्रजी मॅट्रिकचं. तीनदा वाचलं तेव्हा समजलं, आणि समजलं तेव्हा मशीनचा पायटा थांबवून नुसता बसून राहिलो. तोही कुठल्यातरी स्टँडवर जाऊन बसत असणार, याबद्दल मला शंका उरली नाही.

त्याच आठवड्यात एक तरुण वकील काळा कोट शिवायला आला. पिंपळगाव राजाचा, घरची शेती मोठी, बुलढाण्यात सासुरवाडी. सासऱ्याच्या घरीच राहायचा आणि तिथं एका पंगतीला तेरा माणसं बसायची. हा आकडा मुद्दाम सांगून ठेवतो. ट्रायलला उभा असताना मी त्याला तो तुकडा दाखवला. त्याचं इंग्रजी फर्डं. एक हात बाहीत, एक बाहेर, अशा अवस्थेत त्यानं तो घडाघडा वाचून काढला.

"हे तं भारी हाय मास्तर," तो म्हणाला. "पण तुमाले काऊन एवढं लागलं?"

मग मी सांगितलं. रविवार, स्टँड, मोताळ्याची गाडी, लोकांच्या पिशव्या. गळ्यातला टेप तसाच ठेवून एका दमात सगळं सांगून टाकलं. तो हसला नाही, म्हणून मला तो आवडला.

"मंग करा ना सुरू," तो म्हणाला. "चार जण पायजेत ना? एक मी."

समोरचा सायकल दुरुस्तीवाला आणि पलीकडच्या बोळातले होमिओपॅथीचे डॉक्टर, हे दोघे मी गाठले. गुरुवारी संध्याकाळी माझ्या दुकानात चौघे बसलो. डॉक्टर बाकड्यावर, मी कटिंगच्या फळीवर. सायकलवाला उंबरठ्यावर, कारण कपड्यांना तेल होतं. वकील उशिरा आला, त्याला मशीनचं स्टूल मिळालं. ज्याची जागा त्यानं आपलं काम दाखवायचं, असा कायदा मी केला होता. मी कॉलर कशी बसवतात ते दाखवलं. डॉक्टरांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की कोटाच्या पोटात कॅनव्हास असतो. पुढच्या गुरुवारी डॉक्टरांकडे आम्ही औषध नसलेल्या साखरेच्या गोळ्या मूठभर खाल्ल्या. त्याच्या पुढच्या गुरुवारी ट्यूब पाण्यात दाबून पंक्चर शोधलं. मग वकिलाच्या ऑफिसात दावा कसा लिहितात ते ऐकलं, आणि त्या भाषेला सगळे पोट धरून हसलो. पहिली पाळी संपेस्तोवर वकिलात आणि माझ्यात "तुमी" उरलं नव्हतं. तो मला "काऊन बे" म्हणायचा, मी त्याला "अबे वकिला" म्हणायचो. माझे रविवार भरून गेले. मी स्टँडवर जायचा थांबलो.

जायचा थांबलो तरी स्टँड माझ्या पायाखालचा होता. उन्हाळ्यात घाट चढून आलेल्या माणसाला तिथं प्यायला थेंब मिळत नाही, हे मलाच ठाऊक. म्हणून पाणपोईची कल्पना माझी. दोन रांजण आणले, त्यांना लाल मांजरपाट मी गुंडाळला आणि रोज सकाळी एकेकानं पाळीनं पाणी भरायचं ठरवलं. वकील पांढरी पँट घालून यायचा आणि निम्मं पाणी पँटवर घ्यायचा. पण लोकांनी बघितलं की वकील पाणी भरतोय, आणि आमचं नाव झालं. टेलर पाणी भरत होता तेव्हा कुणी मान वळवली नव्हती.

मग एकेक जण गुरुवारी येऊ का विचारायला लागला. औषधाचे दुकानदार, कंत्राटदार, शाळेचे हेडमास्तर, शेवटी कापडवाले शेठ. शेठना घ्यावं की नाही यावर बोलणं झालं तेव्हा मीच मोकळ्या मनानं म्हटलं, की कापड विकणं वेगळं आणि कापड शिवणं वेगळं. तो मासिकाचा तुकडा मी पुठ्ठ्यावर चिकटवून दुकानात लावला होता. खाली माझ्या अक्षरात त्याचं मराठी, आणि शेवटची ओळ: एका धंद्याचा एकच माणूस. मागच्या गल्लीत एक वयस्कर टेलर होते. माझ्यापेक्षा हात चांगला, जाकीट शिवावं तर त्यांनीच. त्यांनी एकदा दारात उभं राहून विचारलं, "गुरुवारी मी बी येऊ काय?" मी पुठ्ठ्याकडे बोट दाखवलं. त्यांनी पहिल्या ओळीपासून शेवटापर्यंत सगळं वाचलं. "बराबर हाय," म्हणाले आणि गेले. वकील तेव्हा तिथंच स्टुलावर बसला होता. मला त्या दिवशी स्वतःचा फार अभिमान वाटला होता.

पुढे वकिलानं त्या मोठ्या क्लबच्या कचेरीला पत्र घातलं, की आम्हाला तुमची शाखा करून घ्या. उत्तर आलं. फॉर्म आले, अटी आल्या, सभासदांची धंद्यावार यादी मागितली.

"कागद माह्याकडं दे," वकील म्हणाला. "तू कोट शिव, मी यादी करतो."

मी सगळे कागद दिले. द्यायला नको होते असं आज कुणीही म्हणेल. पण ज्याला आपण "अबे" म्हणतो त्याच्याकडून पोचपावती घेतो का आपण?

याच सुमाराला सायकलवाला यायचा बंद झाला. मी विचारायला गेलो तर चाक फिरवत म्हणाला, "आता गुरुवारी कोट लागते म्हने. माह्या कपड्याचं तेल कोनाच्या कोटाले लागन कायले?" मी त्याला म्हटलं, तू उगाच वाकड्यात शिरतोस. तो चाक फिरवत राहिला. त्या माणसाला माझ्या आधी कळलं होतं.

शाखेची सनद द्यायला वरचे मोठे पदाधिकारी येणार होते. मलकापूरला रेल्वेनं उतरणार, तिथून मोटारीनं वर. सगळ्यांना नवे कोट हवे होते आणि ते कोण शिवणार, हा प्रश्नच नव्हता. आई गेल्यानंतर बायको बुलढाण्याला आली होती. तिनं अस्तरं घातली, बटणं लावली. चौदा कोट. प्रत्येकाच्या कॉलरवर डाव्या बाजूला बिल्ल्यासाठी एक काज, आणि ते मी हातानं केलं. मशीनवर घेतलं नाही. वकिलाचा उजवा खांदा अर्धा इंच उतरलेला. आत कॅनव्हासचा एक पदर जास्त घालून मी तो असा सरळ केला की त्याच्या बायकोलाही ओळखू येऊ नये.

"साऱ्या गावाचे झाले," बायको म्हणाली. "तुमचा कवा?"

माझा पंधरावा. शेठच्याच दुकानातून निळं सर्जचं कापड आणलं होतं. त्याचं काज करताना मी इतका रमलो की बायको हसली.

दोन दिवस आधी वकील आला. त्या तुकड्यातली संस्थापकाची गोष्ट मराठीत स्वच्छ लिहून दे म्हणाला, सभेत वाचायची आहे. मला वाटलं, मीच वाचायची. आरशासमोर उभा राहून चार वेळा वाचून पाहिली. सभेच्या दिवशी शाळेच्या हॉलात गेलो तर स्टेजवर खुर्च्या मोजून मांडलेल्या. एका मास्तरांनी मला तिसऱ्या रांगेत बसवलं आणि कागद हातातून घेतला. "साहेब वाचणार आहेत," ते म्हणाले. साहेब म्हणजे वकील.

त्यानं सुंदर वाचलं, हे मान्य करायला हवं. मी काढलेला प्रत्येक शब्द त्यानं नीट उच्चारला. मग कागद खाली ठेवला आणि पाहुण्यांकडे वळून म्हणाला, "ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा मला ती माझीच वाटली. या गावात मी परका होतो. रविवारी एसटी स्टँडवर जाऊन बसत असे. गाडीतून कुणी ओळखीचं उतरतं का पाहत असे. उतरलं तर त्याची पिशवी धरत असे."

माझ्या पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळ्यांना पदर लावला. आणि लाज वाटते सांगायला, मलाही भरून आलं. माझंच दुःख इतकं चांगलं मी कधी सांगितलं नसतं. मला वाटलं, आता तो म्हणेल की ही गोष्ट माझी नाही, तिसऱ्या रांगेत बसलेल्या त्या माणसाची आहे. मी कोटाचं बटणही लावून घेतलं. तो म्हणाला, "आणि मग मी तिघांना बोलावलं." एवढं बोलून तो बसला. टाळ्या थांबेनात.

तेरा माणसांच्या पंगतीतून उठून आलेला माणूस. त्याला एकटेपण हवं होतं तर माझ्याकडे मागायचं होतं, मी अर्धं दिलं असतं.

मग धंद्यावार यादी वाचायला घेतली. धंदा पुकारायचा, नाव पुकारायचं, माणसानं उठून जायचं, पाहुण्यांनी बिल्ला लावायचा. वकिली. वैद्यकी. बांधकाम. मग आवाज आला, "कापड आणि शिवण." मी अर्धा उठलो. नाव शेठचं होतं. शेठ स्टेजकडे निघाले आणि मी तसाच गुडघे वाकवून उभा. मागच्यांना वाटलं असेल, कोटाची पाठ कशी बसली ते टेलर बघतोय. मीही तेच केलं. पाठ बघितली. नीट बसली होती. मग खाली बसलो.

चहाच्या वेळी वकील माझ्याकडे आला.

"तुमाले सांगनारच होतो," तो म्हणाला.

तुमाले. त्या एका शब्दानं मला सगळं कळलं.

"वरच्याईचा नियम कडक हाय मास्तर. कापड आन शिवण एकाच खान्यात येते. एका धंद्याचा एकच मानूस. तुमीच तं भिंतीले लावून ठेवलं हाय."

"आन स्टँड?" मी म्हटलं. "स्टँडवर कोन बसे?"

"भाषनात मानूस घेते थोडं इकडचं तिकडचं. एवढं कायले मनावर घेता?" त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, बोटांनी सर्ज चाचपलं. "तुमचा कोट मात्र मस्त झाला."

मी त्याला मारायला हवं होतं. मी मान हलवून "हाव" म्हणालो. आजवर इतक्या वेळा आठवून पाहिलं, पण दर वेळी मी "हाव"च म्हणतो.

घरी बायकोनं बिल्ला पाहायला मागितला. मी सांगितलं काय झालं ते. तिनं कोट हातात घेतला, त्या रिकाम्या काजातून बोट आरपार घातलं आणि म्हणाली, "मानूस असा कसा असते हो?" तिच्यासमोर मात्र मी रडलो.

जुन्या हिशेबानं पुढच्या गुरुवारची पाळी माझ्या दुकानाची होती. आता बैठका हेडमास्तरांच्या हॉलात व्हायच्या, कुणी येणार नव्हतं, तरी मी दुकान झाडलं, बाकडं ओढलं, स्टूल मांडलं. डॉक्टर आले नाहीत. त्यांच्याकडे बिल्ला होता, त्यांची काय चूक म्हणा. सायकलवाला आला आणि आपल्या उंबरठ्यावर बसला. चहा प्यालो. तो म्हणाला, "मांगच्या गल्लीतल्या बुढ्या टेलरले बोलवू काय? आता तं नियम नाई." मी नको म्हटलं. त्यांच्यासमोर बसायला मला तोंड नव्हतं. पुढे ते वारले तेव्हाही मी फक्त अंत्ययात्रेत मागून चाललो.

पुठ्ठा मी भिंतीवरून काढला. काढताना पुन्हा वाचला. त्या परमुलखात ते चौघे ज्याच्या खोलीत पहिल्यांदा बसले, त्या खोलीवाल्याचं पुढे काय झालं, त्याच्या कॉलरला बिल्ला लागला का, हे त्या तुकड्यात नव्हतं. कदाचित तेही बाहीच्या साच्यात गेलं असेल.

वर्षं गेली. पाणपोई पक्की झाली, तिच्यावर दगडाची पाटी बसली. संस्थापक म्हणून वकिलाचं नाव तिच्यावर आहे. स्टँडवर गेलो की मी नळाखाली ओंजळ धरतो आणि पाटीकडे पाठ करतो. एवढा हट्ट मी ठेवला आहे.

क्लबला पंचवीस वर्षं झाली त्या वर्षी वकील दुकानात आला. केस पांढरे, पोट सुटलेलं. हातात तोच कोट. फोटो काढायचा होता, जुन्या कोटात. मी शिवणीच्या आत कापड राखून ठेवलं होतं, त्यामुळे सैल करणं शक्य होतं. त्याला ते कळलं तेव्हा फार आनंद झाला.

"तुमच्या हाताले तोड नाई मास्तर," तो म्हणाला. खरंच प्रेमानं म्हणाला. मग स्मरणिकेचं सांगायला लागला, क्लब कसा सुरू झाला ते लिहितोय म्हणाला. बसला होता त्याच स्टुलावर.

पंचवीस वर्षं जो प्रश्न तोंडात धरला होता तो मी विचारला. "वकीलसाहेब, पहिली बैठक कुठी झाली होती?"

"माह्या ऑफिसात," तो लगेच म्हणाला. "चौघं होतो. मी, डॉक्टर, तो सायकलवाला..." चौथ्यासाठी तो छताकडे बघत राहिला. कपाळाला आठ्या पडल्या. बोटं मोजून पाहिली.

"इथं झाली," मी म्हटलं. "या दुकानात. तुमी याच स्टुलावर बसले होते."

त्यानं खाली वाकून स्टुलाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. चेहऱ्यावर नुसतं कुतूहल होतं. मी त्याच्या डोळ्यांत चोरी शोधली, खरंच शोधली, आणि मला ती सापडली नाही.

"काय सांगता!" तो म्हणाला. "तुमी होते काय तवा?"

खोटं बोलणाऱ्याला निदान खरं माहीत असतं. त्याच्याशी भांडता येतं. याच्याकडे ते उरलंच नव्हतं. डॉक्टर वारले होते, सायकलवाला पोराकडे अकोल्याला गेला होता. त्या गुरुवारचं आता माझ्याशिवाय कुणाला काही ठाऊक नव्हतं. मी पुन्हा रविवारच्या स्टँडवर येऊन बसलो होतो, आणि या वेळी कुठलीच गाडी यायची नव्हती.

कोट अंगात घालून तो आरशासमोर उभा राहिला. उजवा खांदा आता चांगला एक इंच उतरला होता. मी गळ्यातला टेप काढला.

"हात खाली सोडा," मी म्हटलं.